दुमिंग एकदाच खोटं बोलला

गेल्या रविवारी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मीटिंग झाली. विषय एकच, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभा राहणारा मोबाइलचा टॉवर. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. त्यात म्हणे मोबाइलच्या लहरींनी अंडं उकडतं. माझ्या नाकावर राग असतोच. मी उठून म्हटलं, "अहो, मग गॅस कशाला जाळता? अंडी गच्चीत ठेवून या की." हशा झाला, पण पटलं कुणालाच नाही. पटवून देणं हे माझं काम कधी नव्हतंच. ते दुमिंगचं. मी भांडण लावायची आणि त्यानं मिटवायचं, अशी आमची वाटणी होती. त्या मीटिंगमध्ये मला त्याची अशी काही आठवण आली की पुढचं ऐकूच येईना. दुमिंग आता नाही. गेल्या नाताळच्या जरा आधी झोपेतच गेला.

ऑफिसात तो डॉमनिक परेरा. दुमिंग हे घरचं नाव. अंधेरी पूर्वेला काचेच्या इमारतींच्या मध्ये एक जुनं गावठाण अजून तग धरून आहे, तिथला तो पिढीजात ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिस्ती. त्याच्या आज्याची भातशेती जिथं होती तिथं आता एका कंपनीचं पार्किंग आहे. तो त्या पार्किंगकडे बोट दाखवून "ही आमची खाचरं" म्हणायचा, आणि त्यात दुःखबिःख काही नसायचं, नुसती माहिती.

आमचं काम समजावून सांगायला सोपं आहे. कुठं टॉवर उभा राहिला की त्याच्या आसपासच्या लहरींचा जोर सरकारनं घातलेल्या मर्यादेत आहे का ते मोजायचं. कुणाची तक्रार आली की पुन्हा जाऊन मोजायचं. त्या काळी आपल्याकडची मर्यादा बाहेरच्या बऱ्याच देशांच्या दहाव्या हिश्श्याएवढीच ठेवलेली होती, म्हणजे चांगली कडक. आमचा मीटर दांड्याच्या टोकाला बसवलेल्या चेंडूसारखा दिसायचा. दुमिंग तो सासूच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून आणायचा. कंपनीनं दिलेली पेटी होती, पण तिच्यात तो डबा ठेवायचा.

तक्रार करणाऱ्याच्या घरी शिरला की दुमिंग आधी पाणी मागायचा. तहान असो नसो. मी एकदा चिडून विचारलं, "अरे, खाली टपरीवर चहा प्यायलास ना आत्ता?" तर म्हणाला, "वर्षा, आपण पाणी मागितलं का माणूस आत जातो. आत जाऊन येईपर्यंत अर्धा राग उतरतो. आणि ज्याला पाणी पाजलं त्याच्यावर ओरडता येत नाय." मी हे माझ्या सासरी करून पाहिलं. खरं आहे.

दुसरी सवय म्हणजे मीटर तो स्वतः धरायचाच नाही, घरच्या माणसाच्या हातात द्यायचा. गोरेगावला एका रिटायर्ड काकांनी आम्हाला दारातच फैलावर घेतलं होतं. बाल्कनीतला कढीलिंब सुकला, बायकोचं डोकं दुखतं, नातवाला गणितात कमी मार्क पडले, सगळं टॉवरमुळे. मी तोंड उघडणार इतक्यात दुमिंगनं मला डोळ्यांनी गप्प केलं, पाणी प्यायला आणि मीटर काकांच्या हातात दिला. काका बाल्कनीत गेले, बेडरूममध्ये गेले, आकडा जेमतेम हलला. मग दुमिंग म्हणाला, "काका, आता तुमचा मोबाइल याच्याजवळ धरा आणि कुणालाही फोन लावा." काकांनी मुलीला लावला. आकडा असा उडाला की काकांनी मोबाइल सोफ्यावर फेकून दिला. पलीकडून मुलगी "हॅलो, बाबा, हॅलो" करतेय आणि काका तिच्याकडे पाहायला तयार नाहीत. "फेकू नका हो," दुमिंग म्हणाला, "तोसुद्धा मर्यादेच्या आतच हाय. पण तुम्हाला भीती वाटायची असली तर लांबच्या टॉवरची कशाला, कानाजवळच्याची वाटू द्या. आणि सिग्नल जितका कमी तितका हा बिचारा जास्त जोर लावतो. टॉवर घालवलात तर हाच जास्त तापेल." निघताना त्यानं कढीलिंबाच्या कुंडीत बोट खुपसलं. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी त्यात जात होतं. ते मात्र तो काकूंना हळूच सांगून आला, काकांसमोर नाही.

मला त्याच्या एका गोष्टीचा फार राग यायचा. लोक शेवटी हमखास विचारायचे, "मग याच्यानं कॅन्सर होतो की नाही ते सांगा." दुमिंगचं उत्तर ठरलेलं. "आजवर सिद्ध झालेलं नाय. शोधणं चालू हाय. तुमच्या घरातला आकडा मर्यादेच्या आत हाय. यापुढचं मला ठाऊक नाय, आणि ठाऊक नाय ते मी बोलत नाय." जिन्यात मी त्याच्यावर तुटून पडायची. "अरे, 'नाही होत' म्हण आणि मोकळा हो ना! कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, त्याला आपण काय करणार?" तो पायरीवर थांबून म्हणायचा, "तू 'नाही' म्हणणार, ते व्हिडिओवाले 'हो' म्हणणार. दोन्ही अंदाजपंचेच ना गं." आमच्या साहेबांना एकदा अहवालात 'संपूर्ण सुरक्षित' असे शब्द हवे होते. गिऱ्हाईक मोठं होतं. दुमिंग म्हणाला, "सर, मीटरवर आकडा येतो. 'सुरक्षित' येत नाय." साहेब लालेलाल. दुमिंगची बढती तिथंच अडकली ती कायमची.

आणि तो कंपन्यांचा मिंधा होता असं जे लोक पुढे बोलले, त्यांना वाकोल्याची गोष्ट ठाऊक नाही. तिथं एका जुन्या चाळीवर मजला चढवला होता, आणि नव्या मजल्याची खिडकी थेट शेजारच्या अँटेनाच्या तोंडासमोर आली होती. तिथं आकडा खरोखर मर्यादेच्या वर गेला. कुणाची तक्रारही नव्हती. त्या खोलीत राहणारी बाई उलट रेंज चांगली मिळते म्हणून खूश होती. दुमिंगनं तिला ती खिडकी लावून घ्यायला सांगितलं आणि अँटेना हलेपर्यंत त्या टॉवरवाल्या कंपनीचा जीव नकोसा केला. रोज फोन, रोज मेल, शेवटी तर त्यांच्या ऑफिसात जाऊन बसला. तिथंही आधी पाणी मागितलं असणार.

त्याची बायको मोनी. तिचं हसणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचं. चर्चच्या गाणाऱ्यांत पहिला आवाज तिचा. घरी कुटून बाटलीत भरलेल्या मसाल्यातली तिची खुडी, म्हणजे आमटीच, ती माझ्यासाठी वेगळ्या डब्यातून यायची आणि डब्यावर धमकी यायची, की उरवलीस तर बघ. वसईला दिलेल्या बहिणीशी ती तासन्‌तास फोनवर बोलायची. दुमिंगनं हौसेनं तिला वायरचे इयरफोन आणून दिले, की मोबाइल डोक्यापासून लांब राहू दे, त्यात तोटा नाही. महिन्याभरानं मी घरी गेले तर मोनीनं त्या इयरफोननं कोथिंबिरीची जुडी बांधून ठेवलेली. मी हसून हसून मेले. दुमिंग म्हणाला, "बघ, घरात माझी काय किंमत हाय ती."

त्यांची एकुलती एक मुलगी शेरल. बापाची लाडकी, कॉलेजात शिकणारी, माझ्यासारखीच फटकळ. दुमिंग तिला नावानं कधी हाक मारायचा नाही, कायम 'बाय'. सकाळी ती कॉलेजला निघाली की हा गल्लीच्या तोंडापर्यंत तिची बॅग घेऊन जायचा. ती ओरडायची, "डॅडी, दे ना, मी काय लहान आहे?" तरी रोज.

आता इजूमावशी. दुमिंगच्या घराला लागून तिचं कौलारू घर, त्याच्या मागच्या अर्ध्या भागावर स्लॅब. विधवा, मूलबाळ नाही. तिच्या स्लॅबवर टॉवर बसला आणि त्याच्या भाड्यावर म्हातारीची चूल चालू लागली. तो टॉवर मोजायची वेळ आली तेव्हा दुमिंग म्हणाला, "माझी गल्ली हाय, मी नाय मोजणार. तू मोज." मी मोजला. तो समोरच्या क्रुसाच्या ओट्यावर बसून राहिला, हातसुद्धा लावला नाही. आकडा एवढुस्सा. इजूमावशीच्या आणि दुमिंगच्या घरात तर सगळ्यात कमी, कारण अँटेनाचा झोत समोर लांब जातो, पायाशी पडत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसंच. हे मी माझ्या हातानं मोजलेलं आहे, म्हणून आज छाती ठोकून सांगते.

मोनीचं दुखणं गाण्यातून सुरू झालं. चर्चमध्ये गाता गाता तिला पुढचा शब्दच आठवेना. लहानपणापासून पाठ असलेलं गाणं. बाकीच्यांनी सावरून नेलं, आणि घरी येऊन तिचं तिलाच हसू आलं. मग हातातून भांडी पडायला लागली. मग डोकं दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, मेंदूत गाठ निघाली, वाईट जातीची. ऑपरेशन झालं, किरणं झाली. डॉक्टरांनी दुमिंगला बाजूला घेऊन सांगितलं ते त्यानं मला गाडीत सांगितलं, नेहमीच्या आवाजात, मीटरवरचा आकडा वाचावा तसं. मी रडले. तो गाडी चालवत होता.

गावठाणात कुजबूज तेव्हाच सुरू झाली होती. डोक्यात गाठ, आणि शेजारी टॉवर. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला वाटलं, दुमिंग समजावेल सगळ्यांना. त्याला वेळ कुठं होता? मोनीला भरवणं, कूस बदलणं, तिच्या तोंडून अर्धवट निघालेल्या शब्दाचा दुसरा अर्धा शोधणं. तेवढ्यात वसईची बहीण मोत माउलीला जाऊन आली. वांद्र्याच्या डोंगरावरच्या तिच्या चर्चमध्ये ज्याचा जो अवयव दुखतो तो मेणाचा करून वाहतात, तसं तिनं मेणाचं डोकं वाहिलं होतं. आणि त्या मेणाच्या डोक्यावरून मोनीच्या मनात भलतंच काहीतरी शिरलं.

शेरल तान्ही असताना मरता मरता वाचली होती. तेव्हा मोनीनं नवस केला होता, दर वर्षी जत्रेला अनवाणी डोंगर चढेन. बरीच वर्षं चढली. मग गुडघे गेले आणि राहून गेलं. आता तिनं धरलं, की नवस मोडला म्हणून माउलीनं माझं डोकं घेतलं. दिवसरात्र तेच. जेवण बंद केलं. पुढं शेरलचा नंबर लागणार, असंही म्हणायला लागली. फादर येऊन समजावून गेले, आई असं करत नाही म्हणाले. ऐकेना.

पुढचं मला दुमिंगनं जोगेश्वरीजवळ हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना सांगितलं. मोनीनं त्याचा हात धरला आणि विचारलं, "दुमिंग, मना खरा सांग. नवसानी झाला का?" तो म्हणाला, "नाय गं." "मग कशानी?" तो म्हणाला, "डॉक्टरांना पण ठाऊक नाय, मोनी. कुणालाच नाय." तिनं हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "कशानीच नाय असा कसा होल? मग नवसानीच." आणि जरा वेळानं, "का त्या टावरानी? सगली बोलतान. तू मोजतस ना. तू खोटा नाय बोलत. टावरानी झाला का?"

"मग?" मी विचारलं.

"मी होय म्हटलं."

मागून हॉर्न वाजत होते. "बहिणीशी फोनवर बोलून झालं असं म्हटलं असतं तर ती बहीण मेली असती रडून," तो म्हणाला. "टॉवरला काय, त्याला मन नाय. मी म्हटलं, होय, त्यानंच झालं, तुझी काय चूक नाय, माउलीचा काय राग नाय. वर्षा, ती जेवली गं. कितीतरी दिवसांनी वाटीभर पेज जेवली."

मी म्हटलं, "बरं केलंस." आजही तेच म्हणेन. त्या क्षणी माझ्या डोक्यात इजूमावशी आलीच नाही. त्याच्याही आली नाही. येणार कशी? एक बाई मरत होती आणि तिला पेज गेली होती.

मोनी गेली ती शांतपणे गेली. पण जायच्या आधी तिनं हे बहिणीला सांगितलं, शेरलला सांगितलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं. तिला बरं वाटत होतं ना सांगून. "नवसानी नाय गं झाला, टावरानी झाला. दुमिंगनीच सांगितला." आणि दुमिंग परेरा खोटं बोलत नाही, हे सगळ्या गावठाणाला ठाऊक होतं.

माणूस मातीत गेल्यावर राग कुठंतरी जायला हवा. तो इजूमावशीच्या दारात गेला. पैशासाठी मोनीला खाल्लं, म्हणाले. बायका तिच्या दारावरून तोंड फिरवून जायला लागल्या. विहिरीवरच्या पंपाचं पाणी सगळ्यांच्या घरी जायचं, तिचा पाइप कुणीतरी तोडून टाकला. म्हातारीचा मोनीवर जीव किती होता हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, तरी. दुमिंगला यातलं काही कळत नव्हतं. तो ऑफिसातून घरी जायचा आणि दार लावून बसायचा. शेरल त्याच्या ताटात वाढायची, दोघं एकमेकांकडे न पाहता जेवायची. पण जेवायची तरी एकत्र.

मे महिन्यात गावठाणात क्रुसापुढं लादिन होते, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. प्रार्थना झाली की ज्या घराची पाळी असेल ते घर उकडलेले चणे वाटतं. त्या चण्यांना नाही म्हणायचं नसतं. जमिनीवरून कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा त्या दिवशी एकमेकांसमोर ओंजळ धरतात, असा रिवाज. मोनी मला दर वर्षी बोलवायची. त्या वर्षी दुमिंगनं बोलवलं, म्हणून गेले. पाळी इजूमावशीची होती.

क्रुसाला झेंडूच्या माळा होत्या. संध्याकाळचा उजेड अजून होता. मोनीच्या आवाजाची जागा रिकामी होती आणि ती सगळ्यांना ऐकू येत होती. प्रार्थना संपली. इजूमावशी चण्यांचं पातेलं घेऊन उभी राहिली. डोक्यावरून लुगड्याचा पदर, हातात डाव. पहिली उभी होती शेरल. म्हातारीनं डाव पुढं केला. शेरलनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मग कुणीच ओंजळ धरली नाही. म्हातारी एकेकासमोर जाऊन डाव पुढं करत होती, आणि हात मागे जात होते. पोरांचेसुद्धा, आयांनी ओढून धरलेले. मी पुढं व्हायला लागले, तेवढ्यात मागून दुमिंग आला. मला वाटतं, त्याला सगळं त्याच क्षणी कळलं. तो इजूमावशीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि ओंजळ धरली. तिनं डाव असा भरून ओतला की अर्धे चणे खाली सांडले. त्यानं उरलेले खाल्ले, उभ्यानं, सगळ्यांसमोर. आणि मग वळून म्हणाला, "मोनी टॉवरनं नाय गेली. मी तिला खोटं सांगितलं."

एकदम कालवा झाला. कुणी म्हणालं, "कंपनीनं पढवला." कुणी म्हणालं, "नोकरी जाईल म्हणून बोलतोय." मी ओरडले, "मी मोजलाय तो टॉवर, मी! यानं हात लावला नव्हता!" माझं कोण ऐकतंय? शेरल मात्र ओरडली नाही. ती बापाच्या समोर आली.

"डॅडी, तू तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोस?"

"तेव्हा."

"मम्माला? ती जात होती तेव्हा?"

"होय, बाय. ती जेवत नव्हती."

"ती तुझ्यावर विश्वास ठेवून गेली रे." शेरलचा आवाज फाटला. "सगळ्यांना अभिमानानं सांगत होती, दुमिंगनं सांगितलं. आणि आता तू इथं चारचौघांत तिला वेडी ठरवतोस?"

दुमिंग तिचा हात धरायला गेला, तो तिनं झटकला.

"मग मम्मा कशानं गेली? सांग. ते तरी खरं सांग."

इथं त्यानं पुन्हा काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. देवाची मर्जी म्हणाला असता. मी मनातल्या मनात त्याला सांगत होते, अरे बोल काहीतरी, पोर तुटतेय. दुमिंग म्हणाला, "मना ठाऊक नाय, बाय."

शेरल त्याच रात्री मावशीकडे वसईला गेली. बॅग तिनं स्वतःच उचलली. गावठाणातल्या माणसांनी मात्र, पोटच्या पोरीसमोरही त्यानं शब्द फिरवला नाही हे पाहून, थोड्या वेळानं, एकेक करून, मान खाली घालून इजूमावशीपुढं ओंजळ धरली. पाइपही आठवड्याभरात जोडला. म्हातारीचं गेलेलं गाव परत आलं, आणि दुमिंगचं घर गेलं.

त्यानं नोकरी सोडली. मी खूप भांडले. "एक खोटं, तेही मरणाऱ्या बाईशी, आणि त्यासाठी नोकरी?" तो म्हणाला, "आता कुणी विचारलं ना, खरं सांगताय ना साहेब, तर मी काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, हो." तो म्हणाला, "तेच मला जमत नाय." मग तो गावठाणातले पंखे, मिक्सर दुरुस्त करून द्यायला लागला. दर रविवारी वसईला जायचा, मोनीच्या बहिणीच्या दाराशी मासे ठेवून यायचा. शेरल बाहेर यायची नाही. मासे घरात घेतले जायचे, एवढंच त्याला कळायचं, आणि तेवढं मला फोनवर सांगायचा. माझा तर जीव जळायचा. मी शेरलला फोन केला, मेसेज केले, रागावले, समजावलं. तिचं एकच, "वर्षाआंटी, तू मध्ये पडू नको." तिचंही चुकत होतं असं मला म्हणता येत नाही. तिची आई गेली होती, आणि आईला शेवटी कुणी फसवलं तर शेरलच्याच बापानं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी. त्या दिवशी हे लोक आपापल्या माणसांच्या कबरी फुलांनी भरतात, मेणबत्त्या लावतात. मोनीसाठी शेवंती घेऊन मी संध्याकाळी गेले, तर दुमिंग आत नव्हता, दफनभूमीच्या भिंतीबाहेर रस्त्यावर उभा होता. इतका वाळला होता की आधी ओळखलंच नाही. म्हणाला, सकाळीच येऊन कबर धुऊन, फुलं लावून ठेवलीत. "आता बाय येईल. मी आत असलो तर ती येत नाय. म्हणून इकडं थांबतो." मग म्हणाला, "तू जा ना आत. तुला काय बोलणार नाय ती. बारीक झालीय का, तेवढं बघून ये."

मी गेले. शेरल गुडघ्यावर बसली होती. केस कापले होते, बारीक झाली होती. मला बघून उठली, गळ्यात पडली, रडली. नोकरी लागलीय म्हणाली. मी वाट पाहत होते, आता विचारेल, आता विचारेल. धुतलेल्या कबरीवरून तिनं हात फिरवला. कुणी धुतली हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण विचारलं नाही. पलीकडच्या फाटकानं मावशीबरोबर निघून गेली.

मी बाहेर आले. दुमिंगनं आधी तिची तब्येत विचारली, मग नोकरी कुठं ते विचारलं. आणि शेवटी म्हणाला, "माझं काय विचारलं का?"

माझ्या ओठांवर आलं होतं, देवाशपथ. विचारत होती रे, डॅडी बरा आहे का म्हणाली. एवढं म्हणायला माझं काय जात होतं? तोही जेवला असता त्या दिवशी, पोटभर. पण तो माझ्याकडे असा सरळ बघत होता की मला ते जमलं नाही.

"नाही रे," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. मला वाटलं, आता मोडेल. मोडला नाही. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "तू जा आता. तुला मुलुंडपर्यंत जायचंय. मला मोनीशी जरा बोलायचंय."

"मी थांबते ना."

"नको. एकट्यालाच बोलायचंय." तो फाटकाकडे निघाला आणि वळून म्हणाला, "सगळ्या गावाला खरं सांगितलं, वर्षा. तिलाच अजून सांगितलेलं नाय."

आणि तो आत गेला.